परातीत उतरलेला गरुड

आंबेवट्टीत गरुड आल्याशिवाय रथ हलत नाही. दोरखंड बांधून झालेले असोत, नारळ फुटलेला असो, पाहुणेमंडळी फेट्यात घामाघूम होऊन बसलेली असोत, रथाच्या कळसावरून गरुड जाईपर्यंत लक्ष्मीनारायण जागचे उठत नाहीत म्हणजे नाहीत. तशी ही चाल आमच्या या भागात बऱ्याच गावांतून आहे. बाकीच्या गावांत तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार आली तरी चालतं. दहाजण बोट दाखवतात, जयजयकार करतात आणि ओढतात रथ. आंबेवट्टीचं सगळंच निराळं. इथं गरुड आला की नाही हे एकच माणूस सांगणार, आणि तेही आभाळाकडं न बघता! रथापुढं तांब्याची मोठी परात पाण्यानं भरून ठेवायची आणि गरुड त्या पाण्यात बघायचा. देवाच्या वाहनाकडं मान ताठ करून बघू नये, ते आपल्या पायाशी उतरावं, असं जुनी माणसं सांगायची. खरं कारण माघातलं डोक्यावरचं ऊन असणार, पण तसं बोलून कोण शिव्या खाईल?

तर परातीत बघून 'गरुड आला' अशी हाक मारायचा हा मान सध्या अक्काताईकडं आहे.

अक्काताई म्हणजे कुणी अंगात येणारी बाई नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. नवरा बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यात होता, तो आजारपणात लवकर गेला. पदरात एक पोरगं घेऊन ती माहेरी आंबेवट्टीला आली आणि मच्छेच्याच कामगारांना भाकऱ्या पुरवायला लागली. आता पोरगं पुण्यात नोकरीला आहे, 'आई, बस कर आता' म्हणतं. ही ऐकेल तर शपथ. अजून पहाटे उठून ज्वारीच्या भाकऱ्या थापते, स्कूटीला डबे अडकवते आणि जेवणाच्या सुट्टीआधी कारखान्यांच्या गेटवर हजर.

तिचा बाप मष्णू. त्याला मुलगा नव्हता. जाताना त्यानं ती आतून काळी पडलेली परात लेकीच्या हातात दिली आणि म्हणाला, "नजर चांगली हाय तुझी. आणि खोटं बोलत न्हाईस." गावात थोडी कुजबुज झाली, बाईमाणूस रथापुढं बसणार म्हणून. पण रथ निघत राहिला आणि कुजबुज आपोआप विरली. भाकरी पोटासाठी आणि परात जिवासाठी, असं अक्काताई म्हणायची. वर्षातला तो एक दिवस ती ठेवणीतलं इरकल नेसायची, आणि त्या दिवशी तिच्याशी कुणी चढ्या आवाजात बोलत नसे.

घोडं अडलं ते गेल्या वर्षीच्या जत्रेत, आणि अडवलं नागोजीनं.

नागोजी तिचा सख्खा चुलतभाऊ, भावकूकाकाचा मुलगा. मच्छेला लेथ मशीनवर काम करतो. डोक्यानं हुशार, पण जिथं तिथं माप घेऊन उभा. मष्णू आणि भावकू या दोघा भावांचं बांधावरच्या एका फणसावरनं फाटलं होतं. पुढं दोघं भाऊ गेले, फणसही वादळात पडला, अबोला मात्र पोरांनी नीट जपून ठेवला. तीन घरं सोडून राहायचे आणि दिवाळीच्या फराळाचं ताटसुद्धा इकडून तिकडं जायचं नाही.

तर या नागोजीनं लांबचं जवळ दाखवणारा नवा फोन घेतला होता. जत्रेत अक्काताईनं परातीत बघून हाक दिली, हलगी कडाडली, रथ निघाला आणि नागोजीनं वरचा पक्षी फोनमध्ये टिपला. त्याच्या आदल्या वर्षीचाही एक फोटो त्याला कुणाकडून तरी मिळाला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'यातला गरुड कोण, ओळखा पाहू!'

झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं. आदल्या वर्षीचा पक्षी पांढराशुभ्र, डोकं, छाती, पोट सगळं कसं परीटघडीचं, पंखांच्या कडा तेवढ्या काळ्या. आणि गेल्या वर्षीचा? डोकं राखाडी, छाती तपकिरी, पोट मात्र पांढरं. हे दोन वेगळे पक्षी आहेत हे शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं.

देवळाच्या कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष भरमाण्णा मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "आक्का, दोन वर्सं, दोन पक्षी. दोघांनाबी तू गरुड म्हणालीस. गरुड काय इलेक्शनला उभारलाय व्हय, दरवेळी बदलाया?"

लोक हसले. अक्काताई म्हणाली, "आमच्या आप्पानं सांगितलंय, पोट पांढरं असतंय त्यो गरुड."

"पोट दोघांचंबी पांढरंच हाय की," नागोजी मागून बोलला. "बगळ्याचंबी पांढरंच असतंय. उद्या बगळा आला तर वरडशील?"

लोक पुन्हा हसले. मग भरमाण्णांनी निकाल दिला, "फुडच्या जत्रेपतोर तू गावाला सांग, यातला देवाचा गरुड कंचा आणि त्याची खूण काय. सांगता आलं न्हाय, तर परात नागोजीच्या घरात जाईल."

"देवाचा गरुड पांढराच," नागोजी म्हणाला. "कुठल्याबी क्यालेंडरवर बघा."

घरी आल्यावर अक्काताईला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. बापानं दिलेली परात जाणार याचं दुःख होतंच. पण आणखी एक गोष्ट आत कुसळासारखी टोचत होती. आपण इतकी वर्षं त्या पाण्यात बघत होतो तरी काय? आणि हे दोघं आहेत तरी कोण?

या प्रश्नापायी ती निवेदिता मॅडमना धरून बसली. निवेदिता मॅडम बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. राहायला शहरात, पण रविवार उजाडला की गळ्यात दुर्बीण घालून गावाजवळच्या धरणावर हजर. उन्हं चढली की अक्काताईच्या ओट्यावर बसून भाकरी-झुणका खायच्या. आजवर अक्काताई त्यांना "काय गावलं का आज?" एवढंच विचारायची, गळ टाकून बसलेल्याला विचारावं तसं. त्या रविवारी तिनं ताट वाढायच्या आधी फोन पुढं केला.

"अगंबाई!" मॅडमचे डोळे चमकले. "दोघंही इथलेच? हा पांढरा समुद्रगरुड. आणि हा मत्स्यगरुड."

"ह्यातला खरा कंचा?"

"खरे दोघंही आहेत."

"तसं न्हाय चालत, बाई. गाव एकच मागालंय."

मॅडम हसल्या. "देवाचा कुठला, हे माझ्या पुस्तकात नाही हो लिहिलेलं. पण दोघांत फरक काय ते आपण बघू शकतो. याल माझ्याबरोबर?"

अक्काताई गेली. पहिल्यांदा गेली ती परात वाचवायला. पण चार रविवार झाले आणि तिला त्या पक्ष्यांचा नादच लागला. मॅडम नसल्या तरी मच्छेहून येताना स्कूटी धरणाकडं वळायची. रिकामे डबे हँडलला वाजायचे आणि ही काठावर दगडावर बसून पाण्याकडं बघत राहायची. "काय बघालीस गं आक्का?" म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "पाव्हणं आल्यात."

पहिला शोध तिचा तिनंच लावला. हे नवराबायको आहेत! "पांढरा त्यो बापय आणि मळकी ती बाई," तिनं मॅडमना सांगून टाकलं. "घरात काम कोण करतंय ते कापडांवरनं कळतंय."

मॅडम इतक्या हसल्या की दुर्बीण हलायला लागली. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. "बघू या," म्हणाल्या. दिवाळीनंतर पलीकडच्या काठावर एका उंच झाडात काटक्यांचं भलंमोठं घरटं दिसलं आणि तिथं दोन पक्षी काटक्या आणताना दिसले. दोघांची डोकी राखाडी, छात्या तपकिरी. म्हणजे मळक्याची बायकोही मळकीच. अक्काताईनं कपाळावर हात मारला.

मग तिनं दुसरा तर्क लढवला. मळका हे पांढऱ्याचं पोर असणार, मोठं झालं की उजळत असेल. हा तर्क मॅडमना आवडला, कारण समुद्रगरुडाचं पोर खरंच तपकिरी असतं आणि वर्षं गेली तसं पांढरं होतं. तसलं एक पोर त्या थंडीत धरणावर आलंही. त्याला बघून मॅडम म्हणाल्या, "हा मत्स्यगरुड." पुढच्या रविवारी आल्या त्या सांगतच आल्या, "अक्काताई, मी चुकले होते. घरी जाऊन पुन्हा फोटो बघितला. ते समुद्रगरुडाचं पोर होतं. मत्स्यगरुड मात्र मोठा झाला तरी उजळत नाही." अक्काताईला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. कमिटीत एवढ्या वर्षांत 'मी चुकलो' म्हणणारं माणूस तिनं बघितलं नव्हतं.

हळूहळू दोघांच्या चाली तिला कळायला लागल्या. पांढऱ्याला मिरवायची हौस. पंख जरा वर उचलून धरायचे आणि काम असो-नसो, उंचावर घिरट्या घालत राहायचं. मासा धरायचा झोक मात्र असा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पण मेलेला मासाही त्याला वर्ज्य नव्हता, आणि दुसऱ्यानं धरलेला तर मुळीच नव्हता. "रूप एवढं राजबिंडं आणि गुण असलं!" अक्काताई तोंडावर पदर धरायची. मळका त्याच्या उलट. पाण्याकाठच्या वाळक्या फांदीवर मुकाट बसून राहायचा, रेशनच्या रांगेत बसल्यासारखा. पाण्यात हालचाल दिसली की सूर मारायचा आणि मासा घेऊन पुन्हा त्याच फांदीवर. उगाच आभाळात चढणं त्याच्या स्वभावात नाही. घरट्याच्या दिवसांत, पौष-माघाच्या सुमाराला तेवढा वर चढतो, आणि तेव्हा असा विचित्र ओरडतो की नव्या माणसाला वाटावं, रानात कुणाचा तरी गळा धरलाय.

"आणि शेपटी बघा," मॅडम म्हणाल्या. "दोघांची उलटी आहे. समुद्रगरुडाची मुळाशी काळी, टोकाला पांढरी. मत्स्यगरुडाची मुळाशी पांढरी आणि टोकाला काळा पट्टा."

"एकाच लुगड्याचा काठ उलटा लावल्यागत."

"अगदी! कुळ एकच आहे त्यांचं. पूर्वी एवढं जवळचं मानत नसत. आता रक्तामांसाचे नमुने तपासून अभ्यासकांनी दोघांना एकाच घरात घातलंय."

"म्हंजे भाऊबंद."

"भाऊबंदच म्हणा."

"मग भांडत असतील," अक्काताई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. थोड्याच दिवसांत ते दृश्यही दिसलं. मळका मासा घेऊन चालला होता, पांढऱ्यानं वरून झेप घेऊन त्याला असा पिटाळला की मासा धप्पकन पाण्यात पडला. ना याला, ना त्याला. अक्काताई पोट धरून हसली. हसता हसता तिला फणसाचं झाड आठवलं.

एवढं सगळं कळलं, पण देवाचा गरुड कुठला? मॅडम जपून बोलायच्या. "धरण व्हायच्या आधी इथं नदी आणि झाडी एवढंच होतं. मोठं पाणी झालं, मोठे मासे आले, मग समुद्रगरुड घाट चढून यायला लागला असेल. मत्स्यगरुड कदाचित आधीपासूनचा. पण हा माझा अंदाज, अक्काताई. पुरावा नाही." अंदाज कमिटीपुढं कसा चालणार? जत्रा तर तोंडावर आली होती.

आणि मग एका संध्याकाळी तिची म्हातारी आई, मालुबाई, पावट्याच्या शेंगा सोलता सोलता सहज बोलून गेली, "तुझा आज्जा म्हणायचा, गरुडामागनं काजळाची रेघ चालतीया."

हे वाक्य अक्काताईनं लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. पोरांना निजवताना काहीबाही सांगतात, तसलंच काही समजून सोडून दिलेलं. आज मात्र ती शेंगा टाकून उभी राहिली. रेघ! शेपटीच्या टोकाचा काळा पट्टा!

रविवारी ती परातच घेऊन धरणावर गेली. काठाची जागा उतरती, म्हणून मॅडमनी मांडी घालून परात तळहातांवर धरली. आधी पांढरा आला. पाण्यात त्याचं पोट लख्ख दिसलं, पण शेपटी आखूड, तोडून टाकल्यासारखी. टोकाचं पांढरं उजेडात विरून गेलं होतं. मग बऱ्याच वेळानं मळका ओरडत डोक्यावरून गेला. त्याचंही पोट दिसलं, शेपटीचं पांढरं तसंच उजेडात विरलं, आणि जरा अंतर सोडून मागून एक काळी रेघ सुटी चालत गेली. बोटानं काजळ ओढावं तशी.

"आगं आयेगंऽऽ!" अक्काताई एवढ्यानं ओरडली की मॅडमच्या हातून परात सुटायची राहिली. आज्जानं बघितलेला गरुड तिनं बघितला होता.

पण ही बाई भाकरी दोन्ही बाजूंनी बघून उतरवणारी. दोन दिवसांनी गावात लग्नाची वरात होती. तिनं अंगणात तीन दगड मांडले आणि जत्रेत ठेवतात तशी परात त्यावर ठेवली. तिकडं डॉल्बी सुरू झाला आणि इकडं पाणी शहारायला लागलं. कौलावर बसलेला कावळा पाण्यात बघितला, तर चोच कुठं आणि शेपूट कुठं कळेना, नुसता काळा डाग. जत्रेत हलगी असते, ढोल असतात, आता तर डॉल्बीही असतो. म्हणजे आपण आजवर एक थरथरता पांढरा डाग बघून हाक मारत होतो. रेघ दिसायचा प्रश्नच नव्हता.

"दगडावर ठेवल्यावर कशी दिसंल?" मालुबाई म्हणाली. "आदी परात दगडावर कुठं असायची? भावकू धरायचा की हातात. थोरल्या पातीनं बघायचं, धाकट्या पातीनं धरायचं. तू लहान हुतीस तवा फणसावरनं बिनसलं, भावकू उठून गेला, आणि तुझ्या बापानं तीन धोंडं मांडलं. दुसऱ्या कुणाच्या हातात देवाची परात देत न्हाईत."

"आये, हे आजवर बोलली न्हाईस!"

"तू कवा इचारलीस? आणि त्या घरचं नाव काढलं की तुझा बाप ताटावरनं उठायचा. म्या कशाला तोंड उघडू?"

आता काय करायचं? काजळाची रेघ ही खूण कमिटीला सांगितली असती तर मान राहिला असता. परात तीन दगडांवर ठेवून ती पूर्वीसारखीच हाक मारू शकली असती. कुणाला काय कळणार होतं? पण 'खोटं बोलत न्हाईस' म्हणून बापानं परात दिली होती. आणि खरं बोलायचं तर परात धरायला धाकट्या पातीचा माणूस पाहिजे, म्हणजे नागोजी. ज्याला मान मिळू नये म्हणून वर्षभर जीव आटवला, त्यालाच बोलावून अर्धा मान हातावर ठेवायचा! शिवाय नागोजीची जीभ. पाण्यावर त्याचीही नजर असणार, आणि सगळ्या गावापुढं त्यानं हिला खोटं पाडलं तर? त्या दिवशी तिच्या भाकऱ्या करपल्या. कामगार म्हणाले, आज आक्काचं काहीतरी बिघडलंय.

शेवटी ती तीन घरं चालून गेली. नागोजी दारात मोटारसायकल पुसत होता.

"नागू."

त्यानं मान वर केली. त्या नावानं तिनं हाक मारून किती वर्षं झाली होती! पण बोलला तो वाकडंच. "काय आक्का, परात द्यायला आलीस व्हय?"

"न्हाय. धराय बोलवाय आलीया." आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन पक्षी, दोन शेपट्या, रेघ, डॉल्बी, तीन दगड, भावकूकाकाचे हात. काही लपवलं नाही. आपण इतकी वर्षं डाग बघून ओरडत होतो, हेसुद्धा सांगितलं.

नागोजी फडकं हातात धरून ऐकत राहिला. "आमच्या आप्पानं ह्यातलं कायबी सांगितलं न्हाय कधी," तो हळू म्हणाला.

"माझ्या तरी कुठं!"

मग त्याच्यातला लेथवाला जागा झाला. "पर हातात धरल्यावर पाणी का हालत न्हाय?" आणि उत्तरही त्यानंच दिलं, "मशीनच्या पायाखाली आमी रबर घालतोय, तसं. हादरा मांडीत आणि कोपरात जिरत असणार. लई डोक्यालिटी हाय की गं जुन्या माणसांची!" मग भानावर येऊन म्हणाला, "पर मीबी बघणार."

"बघ की. डोळं झाकून धरणार हाईस व्हय?"

"आणि पांढरा आला तर? म्या ब्यानर छापून आणलाय पांढऱ्याचा."

"लाव की. शोभंल. पांढरा आला तर पाण्यात काय दिसतंय ते तूच गावाला सांग."

जत्रेच्या दिवशी देवळापुढं मुंगीला वाट नव्हती. रथाच्या मागं नागोजीचा बॅनर फडफडत होता, पंख पसरलेला पांढराशुभ्र समुद्रगरुड आणि खाली हात जोडलेला नागोजी. रथापुढं मांडी घालून खुद्द नागोजी बसलेला, दोन्ही तळहातांवर परात, कोपरं मांडीवर टेकलेली. समोर इरकल नेसलेली अक्काताई. त्या दोघांना एकत्र बघून निम्मा गाव रथाऐवजी त्यांच्याकडंच बघत होता. अक्काताईनं कमिटीला खूण सांगितली होती, गरुडामागं काजळाची रेघ पाहिजे. भरमाण्णा मिशीतल्या मिशीत म्हणाले होते, "बघू."

हलगी सुरू झाली, डॉल्बी धडाडला. परातीतलं पाणी आरशासारखं उभं होतं.

उन्हं डोक्यावर आली आणि आला तो पांढरा. काय त्याचा तो डौल! सरळ रथावर येऊन घिरट्या घालायला लागला. लोकांनी एकच गलका केला, "आला! आला!" कुणी बॅनरकडं बोट दाखवायला लागलं, कुणी दोरखंडाला हातही घातला. अक्काताईनं पाण्यात बघितलं. आखूड शेपटी. रेघ नव्हती. तिनं वर नागोजीच्या तोंडाकडं बघितलं.

"नागू, सांग."

भरमाण्णा पुढं वाकले. नागोजीनं 'हाच' म्हटलं असतं तर तिथल्या तिथं परात त्याची झाली असती. सगळा गाव तेच म्हणत होता, त्याचा स्वतःचा बॅनर तेच म्हणत होता. नागोजी पाण्याकडं बघत राहिला. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"रेघ न्हाय," तो म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो त्यो न्हवं! थांबा!"

लोक चिडले. अहो, चिडणारच. कुणी म्हणालं, दोघं संगनमतानं गाव नाचवतात. कुणी म्हणालं, आता काय गरुडाचं आधार कार्ड बघणार काय? पांढरा दोन-चार फेऱ्या मारून धरणाकडं निघून गेला. ऊन कलायला लागलं. नागोजीचे हात भरून आले, मनगटं कापायला लागली आणि पाण्यावर बारीक शहारे उठायला लागले.

"आक्का, मला जमंना आता."

अक्काताईनं आपले तळहात त्याच्या हातांखाली घातले. रोजच्या भाकऱ्यांनी घट्टे पडलेले ते हात. पाणी पुन्हा स्थिर झालं. दोघांची डोकी परातीवर जवळ आली आणि तिला त्याच्यात भावकूकाकाचं कपाळ दिसलं. लहानपणी याच काकानं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तिचे डोळे भरून आले. पुसणार कसे? पाणी, आभाळ, कळस, सगळं एक झालं, काहीच दिसेना.

तेवढ्यात वरून तो ओरडण्याचा विचित्र आवाज आला.

"आक्का," नागोजी कुजबुजला. "आक्का, रेघ. रेघ आली बघ." हाक त्याच्या तोंडात होती. तो ओरडला असता तर कुणी अडवणार नव्हतं. पण तो पाण्याकडं बघत तसाच थांबून राहिला. "तू वरड की गं!"

तिनं डोळे घट्ट मिटून उघडले. पांढरं पोट कळसावरून चाललं होतं आणि मागून, जरा अंतर सोडून, काजळाची रेघ.

"गरुड आऽऽऽला!"

एवढी मोठी हाक आंबेवट्टीनं बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. दोरखंड ताणले गेले, रथ कुरकुरत हलला आणि गुलालात सगळा रस्ता दिसेनासा झाला. भरमाण्णा जाता जाता दोघांपुढं उभे राहिले आणि परातीला हात जोडून पुढं गेले.

रथ गेला आणि ती दोघं मोकळ्या रस्त्यावर मांडी घालून तशीच बसली. नागोजीला कोपरं सरळ करता येत नव्हती.

"आक्का," त्यानं विचारलं, "त्यो पांढरा मग कोण?"

"ह्याचाच भाऊबंद. कुळ एकच, म्याडम म्हणाल्यात."

नागोजीनं वर बघितलं. वाऱ्यानं त्याचा बॅनर एका बाजूनं सुटून लोंबत होता. "म्हंजे त्योबी घरचाच की गं."

"घरचाच रं," अक्काताई म्हणाली, आणि त्याचा हात मांडीवर घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत चोळायला लागली.